विहीर, शेततळं आणि अहमदाबादचं ऑफिस

आजचा भाग पोहण्याच्या इतिहासावर आहे, आणि तो मी बुलढाणा जिल्ह्यातून सांगणार आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. नद्या उन्हाळ्यात आटलेल्या. जिल्ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि ते इतकं खारट नि क्षारयुक्त की त्यात डुबकी मारायचा विचारही कुणी करत नाही. तरी आमच्याकडची पोरं पोहतात. त्यांना शिकवतं कोण? आणि शिकवायचं काम खरं तर कुणाचं?

आमच्या पिढीपर्यंत उत्तर सोपं होतं. मामा.

मेहकर तालुक्यात माझ्या मामाच्या शेतात विहीर आहे. मे महिन्यात पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक वर मामाच्या हातात, आणि द्यायचं ढकलून. काही गावांत डब्याऐवजी वाळलेला भोपळा असायचा, नंतर ट्रॅक्टरची ट्यूब आली. तीन-चार दिवसांत डबा सुटायचा, आठवड्याभरात पोरगं काठावरून मुटका मारायचं. याला अभ्यासक्रम नाही, सर्टिफिकेट नाही, पण पद्धत आहे. आधी तरंगायचं, मग काठ गाठायचा, मग पाणी तुडवत एका जागी उभं राहायचं, आणि हात मारत लांब जाणं सगळ्यात शेवटी. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर मी एका पुलावर रीतसर कोर्स लावला, तर तिथंही पहिले दोन आठवडे हेच. फक्त डब्याच्या जागी फोमचा तुकडा होता आणि फी होती.

मामा पद्धतीत दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे मुली. आमच्या घरात आम्ही पाच चुलतभाऊ पोहतो, चार बहिणींपैकी एकही नाही. विहिरीवर पोरांचा गोंधळ सुरू झाला की बहिणींना घरात बोलावलं जायचं, विषय संपला. दुसरं भोक म्हणजे ही पद्धत विहिरीवर आणि मोकळा वेळ असलेल्या माणसावर चालते. विहिरी आटल्या, बोअर आले. बोअरमध्ये कुणी पोहायला शिकत नाही. मामा लोक शहरात गेले. म्हणजे जी गोष्ट कुणीही न ठरवता शे-दोनशे वर्षं चालू होती, ती कुणीही न ठरवता बंद पडत चाललीय. अशा वेळी संघटना नावाची गोष्ट लागते. म्हणून जरा लंडनला जाऊ.

७ जानेवारी १८६९. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ ‘जर्मन जिम्नॅशियम’ नावाची इमारत होती, तिथं लंडनच्या काही पोहणाऱ्या क्लबांची माणसं जमली. त्यांनी एक संघटना काढली, तीच पुढं नावं बदलत ‘अमॅच्युअर स्विमिंग असोसिएशन’ झाली आणि २०१७ पासून ‘स्विम इंग्लंड’ म्हणून ओळखली जाते. जगातल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय जलतरण संघटनांमध्ये तिची गणना होते.

या लोकांची सुरुवातीची भांडणं पोहण्यावर कमी आणि पैशांवर जास्त होती. हौशी कोण आणि धंदेवाईक कोण? त्या काळी इंग्लंडमध्ये पोहायला शिकवणारे, पाण्यात खेळ करून दाखवणारे लोक स्वतःला ‘प्रोफेसर’ म्हणवून घ्यायचे आणि त्यावर पोट भरायचे. पैसे घेतले की तुम्ही धंदेवाईक, आणि धंदेवाईक माणूस हौशी शर्यतीत नको. म्हणजे बघा, पोहण्याची संघटना स्थापन झाली तेव्हा शिकवणारा माणूसच तिच्या दाराबाहेर उभा होता! तो ‘अमॅच्युअर’ शब्द पुढं साम्राज्यासोबत जगभर गेला. आपल्या राज्य संघटनेच्या नावातही तो आहे, मराठीत ‘हौशी’ म्हणून. आपल्याला वाटतं हौशी म्हणजे हौस असलेला. मुळात त्याचा अर्थ होता, पैसे न घेणारा.

पण शहरं वाढत होती, कालव्यांत नि नद्यांत माणसं बुडत होती, आणि नुसत्या शर्यती लावून ते थांबत नव्हतं. १८९१ मध्ये लंडनमध्ये पाण्यातून जीव वाचवायला शिकवणारी वेगळी संस्था निघाली, आजची रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी. आणि शर्यतीवाल्या संघटनेनंही हळूहळू शिक्षकाला आत घेतलं. त्यांनी पुढं जे बांधलं, ते मला एखाद्या पदकापेक्षा भारी वाटतं. त्यांनी शिडी बांधली. लहान मुलानं पहिल्या टप्प्यात काय करायचं, सातव्यात काय, हे लिहून ठेवलं. शिकवणाऱ्यासाठी लेव्हल वन, लेव्हल टू असे कोर्स. लेव्हल वनवाला मदतनीस, लेव्हल टूवाला स्वतंत्र वर्ग घेऊ शकतो. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात पोहणं सक्तीचं आहे. प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला निदान २५ मीटर पोहता आलं पाहिजे, वेगवेगळे स्ट्रोक यायला हवेत, आणि पाण्यात अडकल्यास स्वतःला वाचवता आलं पाहिजे. सगळ्या मुलांना ते येतं असं नाही, तिथंही पूल बंद पडतात आणि पालक ओरडतात. पण निदान हे काम कुणाचं आहे ते लिहिलेलं आहे.

दरम्यान १९०८ च्या लंडन ऑलिंपिकवेळी आठ देशांनी मिळून ‘फिना’ ही जागतिक संघटना काढली. २०२३ पासून तिचं नाव ‘वर्ल्ड अॅक्वाटिक्स’. नियम, विक्रम, वर्ल्ड चॅम्पियनशिप हे सगळं तिच्याकडं. ‘सगळ्यांसाठी पोहणं, आयुष्यासाठी पोहणं’ अशा अर्थाचा तिचा एक कार्यक्रमही आहे, आणि तो राबवायचा असतो देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटनांनी.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडं पोहण्याचे क्लब पहिल्यांदा दाट झाले ते बंगालात, कारण तिथं प्रत्येक वस्तीला तळं. कोलकात्यात भर शहरात, कॉलेज स्क्वेअरसारख्या तळ्याकाठी क्लब उभे राहिले. आरती साहा तिथलीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला ठरली. सचिन नाग वाराणसीचे. त्यांचा एक किस्सा सांगतात. लहानपणी, सत्याग्रहाच्या दिवसांत, पोलिसांपासून पळताना त्यांनी गंगेत उडी टाकली आणि नेमकी तिथून पोहण्याची शर्यत चालली होती, तर हे त्यात घुसून तिसरे आले. किस्सा थोडा मीठमसाला लावलेला असेल, पण पुढचं पक्कं आहे. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. त्यानंतर आजपर्यंत आशियाई स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यतीत भारताला दुसरं सुवर्ण मिळालेलं नाही. १९८६ मध्ये खजान सिंगचं रौप्य, मग थेट २४ वर्षांनी २०१० मध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ब्राँझ, २०१४ मध्ये संदीप सेजवालचं ब्राँझ. एवढंच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला दोन जलतरणपटू गेले, तेही युनिव्हर्सालिटी कोट्यातून.

देशात हे सगळं बघते ती स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया, आपण तिला भारतीय जलतरण महासंघ म्हणू. ऑफिस अहमदाबादला. पोहणं, डायव्हिंग, वॉटर पोलो, आर्टिस्टिक स्विमिंग, खुल्या पाण्यातलं पोहणं, असे सगळे प्रकार तिच्याखाली येतात. खाली राज्य संघटना, त्याखाली जिल्हा संघटना. सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा होतात. प्रत्येक नोंदणीकृत जलतरणपटूला युनिक आयडी असतो, त्याच्या वेळा नोंदल्या जातात. प्रशिक्षकांसाठी शिबिरं होतात. २०२५ मध्ये महासंघानं आशियाई जलतरण अजिंक्यपद स्पर्धा अहमदाबादला भरवून दाखवली. हे काम छोटं नाही, आणि ‘फेडरेशन म्हणजे सगळे झोपलेले’ असलं सरसकट बोलणं मला आवडत नाही.

पण ही सगळी यंत्रणा सुरू कुठून होते ते बघा. ती सुरू होते पोहता येणाऱ्या मुलापासून. ते मूल पोहायला कुठं शिकलं, हा महासंघाच्या फॉर्मवरचा प्रश्नच नाही.

प्रशिक्षक घडवायचं काम आपल्याकडं दुसऱ्याच ठिकाणी आहे, पटियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत. १९६१ ची ही संस्था. तिथला डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, ज्याला सगळे नुसतं ‘एनआयएस’ म्हणतात, तो केलेला माणूस म्हणजे आपल्याकडचा पक्का कोच. जीव वाचवायचं शिक्षण तिसऱ्याच संस्थेकडं. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात. पुलांवरचे बरेच लाइफगार्ड तिचं सर्टिफिकेट घेऊन उभे असतात. म्हणजे शर्यत अहमदाबादला, कोच पटियाळ्याला, जीवरक्षक पुण्याला. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीन चांगल्या सर्व्हिस आहेत, पण चिखली किंवा नांदुऱ्याच्या युजरसाठी लॉगिन पेजच नाही.

इथं मुरलीकांत पेटकर आठवतात. ‘चंदू चॅम्पियन’मुळं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून. हातात जोर यावा, शरीर हलतं राहावं, म्हणून पाणी. आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण आणलं. आपली पॅरालिंपिक कमिटी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मला या गोष्टीत पदकापेक्षा आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी एका जखमी माणसाला पाण्यात उतरवलं आणि धीरानं शिकवलं. पदक त्यातून नंतर निघालं.

आणि आमच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर अमरावतीची कांचनमाला पांडे. जन्मापासून दृष्टिहीन, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलीचं सुवर्ण. त्याच वर्षी बर्लिनच्या एका स्पर्धेवेळी तिच्या खर्चाच्या पैशांचा जो गोंधळ झाला, ती बातमी देशभर गाजली होती. दोन्ही बातम्या एकाच वर्षातल्या आहेत, एवढंच सांगतो.

अमरावतीचं नाव निघालंच आहे तर वऱ्हाडाबद्दल थोडं. आपल्याकडं व्यायाम शिकवणाऱ्यांची परंपरा नाही असं अजिबात नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी जाऊन मल्लखांब, कबड्डी असे देशी खेळ दाखवून आलं. मंडळाच्या आवारात आज जलतरण तलाव आहे, शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे. विदर्भातल्या शाळांमधले कितीतरी पीटीचे सर तिथूनच बाहेर पडलेत. म्हणजे शिक्षक घडवायचा कारखाना आपल्या महसूल विभागातच आहे, बुलढाण्यापासून काही तासांवर.

मग बुलढाण्यात खेळ पोहोचत नाही का? पोहोचतो की. प्रथमेश जावकर आमच्या बुलढाण्याचा. २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं, म्हणजे कंपाउंड तिरंदाजीतल्या बाप माणसाला! त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. तिरंदाजीला मोकळं मैदान, एक जिद्दी कोच आणि महाग धनुष्य लागतं. पोहण्याला बारा महिने पाणी लागतं, ते गाळायचं मशीन लागतं, क्लोरीन लागतं, वीजबिल भरणारा कुणीतरी लागतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतात तिथं पुलासाठी पाणी मागायला तोंड उघडत नाही माणसाचं. म्हणून ‘तालुक्याला एक पूल द्या’ ही मागणी ऐकायला छान वाटते, पण मला ती पटत नाही.

आता जरा गंभीर. बुलढाण्यात पोहायचं पाणी कमी झालं, पण बुडायचं पाणी वाढलंय.

‘बुलढाणा पॅटर्न’ ऐकला असेल. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती नि मुरूम विकत आणायच्या ऐवजी तलाव, नाले, नद्या खोल करून तिथून काढायचा. रस्ता पण होतो आणि पाणी पण साठतं. चांगली कल्पना, देशभर तिचं कौतुक झालं. दुसरीकडं २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’. खडकपूर्णाचं धरण आहे, नळगंगा आहे, पेनटाकळी आहे. शेतकऱ्याला हे पाणी हवंच आहे, त्यात वाद नाही. पण शेततळ्याला पन्नी टाकलेली असते. विहिरीला निदान दगडाची कपार असते, बोटं अडकवता येतात. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, पाय घसरत राहतो. आणि मग ती बातमी येते, जी आपण सगळ्यांनी वाचलीय. एक जण घसरला, दुसरा वाचवायला गेला, तिसरा त्या दोघांना.

२०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी देशात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३५ हजारांच्या वर होती. जगात वर्षाला सुमारे ३ लाख, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या अहवालात म्हटलंय. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडणं रोखण्याचा दिवस ठरवला. २०२३ च्या शेवटी आपल्या आरोग्य मंत्रालयानंही त्यासाठी एक धोरण काढलं. कागद आहेत, भरपूर आहेत.

मला मार्ग सापडला तो बांगलादेशात. गंमत नाही करत. तिथं गावोगाव तळी आणि मुलं बुडण्याचं प्रमाण भयानक. साधारण वीस वर्षांपूर्वी तिथल्या संशोधन संस्था, युनिसेफ आणि ऑस्ट्रेलियाची लाइफ सेव्हिंग सोसायटी एकत्र आल्या आणि त्यांनी पूल बांधायचा नादच सोडला. गावच्या तळ्यातच बांबूचा चौक बांधला, तळाशी बांबूचाच मचाण, म्हणजे मुलाचे पाय टेकतील एवढंच पाणी. शिकवायला गावातलेच तरुण मुलगे आणि मुली, त्यांना आधी प्रशिक्षण दिलं. मुलं चार ते बारा वर्षांची. शिकवायचं काय? तरंगणं, थोडं पोहणं, पाण्यात कधी उतरायचं नाही, आणि दुसरा बुडत असेल तर उडी न मारता काठी किंवा दोर कसा द्यायचा. ज्या मुलांनी हे पूर्ण केलं त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं.

म्हणजे मामाचीच पद्धत, फक्त लिहून काढलेली, मुलींनाही दिलेली, आणि शिकवणाऱ्याची परीक्षा घेतलेली.

राष्ट्रीय महासंघाकडं मागायचं ते हे, असं माझं मत आहे. पूल बांधणं त्यांच्या हातात नाही, आणि बुलढाण्याला ऑलिंपिकपटू द्या असंही मी म्हणत नाही. त्यांच्या हातात शिक्का आहे. विहिरीवर, तळ्यावर शिकवणाऱ्या माणसासाठी एक छोटा कोर्स ठरवायचा, आठवड्याभराचा, मराठीत, मोबाइलवर बघता येतील अशा व्हिडिओंसकट. पुण्याच्या लाइफ सेव्हिंगवाल्यांचा बचावाचा भाग त्यात घालायचा. अमरावतीत प्रात्यक्षिक. बुलढाण्यात १३ तालुके आहेत, तालुक्याला दोन शिक्षक, त्यातली एक बाई असलीच पाहिजे, म्हणजे पहिल्या खेपेला २६ माणसं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या एका उन्हाळी शिबिरात मावतील एवढी. प्रत्येक शेततळ्याच्या चार कोपऱ्यांना गाठी मारलेला दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब, हा खर्च तर पन्नीच्या खर्चापुढं चिल्लर आहे, आणि त्यासाठी कुठल्याच महासंघाची वाट बघायची गरज नाही.

एक अडचण मला दिसते आणि तिचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. जबाबदारी. आज मामाच्या विहिरीवर काही झालं तर तो घरातला अपघात. उद्या शिक्का मारलेल्या शिक्षकाच्या वर्गात झालं तर केस. म्हणून कुठलीही संस्था खुल्या पाण्याला हात लावायला बिचकते, आणि पुलाच्या चार भिंतींत राहणं तिला सोपं वाटतं. वकिली करणाऱ्या श्रोत्यांनी यावर व्हॉइस नोट पाठवा, मला खरंच समजून घ्यायचंय.

आणि ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी आज संध्याकाळी जाऊन बघा, आत पडलेल्या माणसाला धरायला काही आहे का. दोर नसेल तर टाका. जुना चालेल, फक्त वरचं टोक खुंटीला पक्कं बांधा.

पुढच्या भागात सिंदखेडराजाला जाऊ. जाधवांच्या काळातला मोती तलाव आणि पुतळा बारव, इतक्या कमी पावसाच्या मुलखात या लोकांनी पाणी कसं धरून ठेवलं ते बघायला. भेटू.